डांबर संपतं तिथला अडसर

मित्रांनो, जिथे डांबर संपतं आणि खडी सुरू होते, तिथे मी रस्त्यावर आडवा असतो. मी एक जुना अडसर आहे. जाड, चौकोनी, उन्हापावसाने करडा पडलेला. माझं एक टोक नाल्याकडच्या खांबाला बिजागरीने जोडलेलं आहे आणि दुसरं टोक डोंगराकडच्या खांबाला कुलपाने जखडलेलं आहे. 'अडसर' म्हटलं की लोक नाक मुरडतात. मुरडोत बापडे. मी आयुष्यभर मोटारींना 'नाही' म्हणत आलो, म्हणूनच तर सायकलींना 'या' म्हणता आलं.

मी आधी झाड होतो. वर, कुठल्या तरी उतारावर. एका वादळात पडलो आणि ओंडका होऊन खाली आलो. पण वर नेमकं कुठे होतो, शेजारी कोण होतं, ते काही आठवत नाही. लहानपणी सुटलेलं आजोळ जसं नुसतं सावलीसारखं आठवतं, तसं.

मला घडवलं ते सुतारमामांनी. तेव्हा ते तरुण होते. कानावर पेन्सिल, ओठांत शीळ. रंधा असा मारत की ढलप्यांचे कुरळे केस माझ्या पायाशी पडत. मला बसवून झालं, तेव्हा त्यांनी माझा डोंगराकडचा खांब आणि डोंगराचा कातळ यांच्यात एक फट ठेवली. टेप घरी विसरली होती. मग त्यांनी स्वतःची सायकल आणली, तिचं हँडल फटीत घालून पाहिलं आणि म्हणाले, "माझी जाते ना, मग सगळ्यांची जाईल."

पहिली कित्येक वर्षं त्या फटीकडे कुणी पाहिलंही नाही. तेव्हा लाकडाचे ट्रक येत. दिवसभर मी उघड, मी मिट. ड्रायव्हर म्हणत, "काय गुळगुळीत फिरतो रे." स्तुती कुणाला आवडत नाही? मग जंगलतोड थांबली. ट्रक गेले. खडीत गवत उगवलं, माझ्या कुलपाला गंज चढला आणि माझ्यावर एक वेल चढली. तिला काय, कुणीतरी आधार हवा होता. मलाही कुणीतरी हवंच होतं.

आणि एके दिवशी ऐकू आली करकर. जाड टायरखाली बारीक खडी दळली जाते, तो आवाज. एक सायकल आली, फटीतून गेली आणि संध्याकाळी चिखलाने माखून, हसत परत आली. दुसऱ्या आठवड्यात चार आल्या. मग थवेच येऊ लागले. चष्मेवाले प्राध्यापक, बेकरीवाल्या बहिणी, नातवाला पुढे घेतलेले आजोबा. परतताना सगळे माझ्यावर कोपर टेकून पाणी पीत आणि वरच्या गोष्टी सांगत. वर झाडं इतकी दाट आहेत की भर दुपारी दिवा लावावासा वाटतो. एका वळणावर झरा रस्ता ओलांडतो, तिथे पाय उचलून धरायचे. आणि अगदी माथ्यावर पोचलं की समोर डोंगरामागे डोंगर, जणू कुणी निळ्या चादरी वाळत घातल्यात. मित्रांनो, मी सगळ्यांना त्या वाटेला लावलं, पण स्वतः एकदाही ती पाहिली नव्हती.

माझी राखण करायला वनखात्याची एक बाई होती. कंबरेला किल्ली, डोक्याला रुमाल आणि आवाज असा की झाडावरची खारसुद्धा शिस्तीत उतरे. मोटरसायकली फटीतून सहज गेल्या असत्या, पण त्यांना थांबवायला लाकूड लागत नसे, बाईंची नजर पुरे. सगळे त्यांना आत्या म्हणत, कारण त्यांची भाची तसं म्हणे आणि डोंगरभर ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणे. भाचीला सगळे भिंगरी म्हणत. सायकलवर बसली की ती कुणाच्या डोळ्याला नीट दिसतच नसे. माझ्याजवळून जाताना मला एक थाप मारून जाई. अजून त्या जागी माझा रंग वेगळा आहे.

आत्या बिजागरीला तेल घालताना गुणगुणत,

वाकडी वाट माझी, डोंगराला वेढे घाली
उंच उंच जाई, सावलीच्या खाली खाली

एकदाच, एका सुट्टीच्या दिवशी, खात्याच्या गाडीसाठी मला उघडलं आणि कुणी मिटलंच नाही. तासाभरात मोटारींची रांग वर गेली. भोंगे, धुरळा, गाणी. वळणावर एक छोटी मुलगी सायकलसकट झुडपात पडली. तिला फारसं लागलं नाही, पण ती घाबरली ती घाबरलीच. पुढे कित्येक दिवस पाखरं गप्प होती. आत्यांनी त्या दिवशी किल्ली पदराच्या गाठीत बांधली आणि म्हणाल्या, "आता हा उघडणार नाही. बोट दिलं की लोक मनगट धरतात."

पुढच्या वर्षी भिंगरी यायची थांबली. इतके डोंगर उतरली तेव्हा साधं खरचटलं नाही, आणि घराच्या जिन्यावरून घसरली. पाय गेले. मला हे कळलं ते आत्यांच्या गुणगुणण्यावरून. तेल घालताना नुसताच श्वास ऐकू येई.

मग एका सकाळी डांबरावरून एक नवीच करकर आली. तीन चाकांची, बुटकी, आडवी सायकल. पॅडल पायाशी नव्हते, छातीसमोर होते, हाताने फिरवायचे. वर भिंगरी. दंड आधीपेक्षा जाड झालेले, हसू तेच. ती थेट फटीत शिरली आणि मागचं चाक माझ्या खांबाला धडकलं. मागे आली. तिरकी करून पाहिली. पुन्हा धडकली. मग माझ्यावर एक थाप मारून म्हणाली, "काय रे, मलाच ओळखलं नाहीस?"

त्या क्षणी मला पहिल्यांदा वाटलं, आपण खरंच अडसर आहोत.

तरी ती दर सुट्टीला येऊ लागली. माझ्या सावलीत आत्यांशेजारी थांबे. परतणाऱ्या प्रत्येकाला एकच प्रश्न, "झऱ्याला पाणी किती?" कुणी टायर भिजल्याचं दाखवी, कुणी मोजा पिळून दाखवी. ती हसे. आत्या मात्र तेव्हा दुसरीकडे पाहत.

एका पहाटे आत्या लवकर आल्या. गाठ सोडून किल्ली काढली, कुलपात तेल ओतलं, खुडबुड करून ते उघडलं. भिंगरी आल्यावर तिच्याकडे न बघताच म्हणाल्या, "कुणी नाहीये. जा पटकन. मी लगेच मिटते."

भिंगरी हलली नाही. "नको, आत्या."

"नको काय? महिनाभर तोंड एवढंसं करून बसतेस."

"एकदा तू उघडणार, मग मी जाणार, मग तू मिटणार. म्हणजे मी पाहुणी झाले. मला इथे पाहुणी नाही व्हायचं. मनात आलं की यायचंय, तू झोपलेली असलीस तरी."

"आणि उघडा ठेवला तर मोटारी जातील."

"मग तर मलाच नकोय. भोंगेच ऐकायचे तर आमची गल्ली काय वाईट आहे?"

आत्या बराच वेळ किल्ली या हातातून त्या हातात करत राहिल्या. मग कुलूप पुन्हा लावलं, रुमाल घट्ट केला आणि म्हणाल्या, "साहेबांना मी सांगते. त्या शीळवाल्याला बोलव. म्हणावं, तुझी फट चुकली."

सुतारमामा आले. आता केस पांढरे, पेन्सिल मात्र तिथेच. "चुकली कशी? इतकी वर्षं सगळं जग गेलं त्यातून."

"माझी भाची नाही गेली," आत्या म्हणाल्या. "तिच्यापुढे तुमचं जग ठेवा बाजूला."

मामा हसले. या वेळी टेप आणली होती. त्यांनी तीनचाकी मोजली, खांब उपटून माझ्या बाजूला सरकवायचं ठरवलं आणि माझ्या अंगावर रेघ ओढली. करवत लागली. मित्रांनो, खरं सांगतो, दुखलं नाही. नखं कापताना दुखतं का? हातभर तुकडा खाली पडला आणि आतलं लाकूड इतकं लालसर, इतकं ताजं निघालं की मामा म्हणाले, "म्हातारा आतून तरुण आहे की."

खांब रोवला, माती ठोकली. भिंगरीने श्वास घेतला, पॅडल फिरवले, चाकं आरामात आत शिरली. आणि ती अडकली. चाकं नव्हे, कोपर. पॅडल फिरताना एक कोपर कातळाला घासे, दुसरं खांबाला.

मग आत्यांचा पदर तोंडाशी गेला. "अहो, सायकल मोजलीत. तिच्यावर बसणारं माणूस कुणी मोजायचं?"

"तेव्हा फक्त हँडल मोजलं होतं, आता चाकं मोजली," मामा कान खाजवत म्हणाले. "प्रगती आहे म्हणायची." भिंगरी इतकी हसली की मागे येताना तिचे हात चालेनात.

मग तिला पॅडल फिरवत ठेवून, दोन्ही कोपरांशी टेप धरून, मामांनी माणूस मोजलं. माझा आणखी एक वीतभर तुकडा गेला. तिकडे आत्यांनी गावातल्या डॉक्टरीणबाईंची सगळ्यात चिमुकली मोटार मुद्दाम बोलावून घेतली. ती फटीसमोर आणली, तर नाकसुद्धा आत जाईना. आत्यांनी तिच्या टपावर समाधानाने हात फिरवला. "शहाणी गं माझी. जा घरी."

आणि मित्रांनो, भिंगरी गेली. कुलूप बंद, किल्ली गाठीत, आणि ती आपल्या हातांनी फटीतून पार. जाताना थाप मारायला विसरली नाही.

तिथून पुढची करकर मी ऐकली ती वेगळ्याच कानांनी. माझा हातभर तुकडा मामांनी तासून त्याला पाय लावले होते. वीतभर तुकड्याची त्याला टेकू म्हणून पाचर मारली होती. ती बैठक भिंगरीने सायकलच्या मागे दोरीने बांधली होती. लाकडाचं एक असतं, करवतीने अंतर पडतं, नातं तुटत नाही. झऱ्यात मी भिजलो. दाट सावलीतून गेलो. मागे मामा सायकल ढकलत होते आणि आत्या चालत होत्या. त्याही आयुष्यात पहिल्यांदा वर निघाल्या होत्या, कारण आजवर खालची राखण सोडून जाणार कोण? त्या दिवशी ती मी एकट्याने केली.

माथ्यावर बैठक टेकवली, तेव्हा शेजारी एक जुना, रुंद बुंधा होता, कधीच्या वादळात जमिनीलगत मोडलेला, शेवाळाने हिरवा. मी त्याला ओळखलं. तोही काही बोलला नाही. आजोळी गेल्यावर कोण लगेच बोलतं?

आत्या बसल्या, समोरच्या निळ्या चादरींकडे पाहत राहिल्या. भिंगरीने विचारलं, "आत्या, रडतेस?"

"वारा आहे," आत्या म्हणाल्या. आणि गुणगुणल्या,

लाकूड ग एक, अर्धं दारी, अर्धं रानी
एक करी राखण, दुजं ऐके पाखरगाणी

तर मित्रांनो, माझ्याकडे आलात की कोपर टेका, पाणी प्या. केळ्याची साल वर टाकून येऊ नका, झऱ्यात सायकल धुऊ नका, वळणावर घंटी वाजवा. बिजागरीला कधीतरी थेंबभर तेल घाला. आणि फटीपाशी कुणी अडलेलं दिसलं, तर त्याला उद्या ये म्हणू नका. सुतारमामांना हाक मारा. माझं अजून पुष्कळ लाकूड शिल्लक आहे.