पास्को डेअरीचं टोकन

शनिवारी जुन्या पास्को डेअरीसमोर माहितीफलक लागायचा होता आणि त्यावर 'मालकाच्या दारूपायी डेअरी बुडाली' असं एक वाक्य होतं. मालक म्हणजे इनिडचा आजोबा, विल्फ. आमच्या इतिहास मंडळाचा सचिव नोएल तिला म्हणाला, सगळं गाव हेच सांगतं, खोटं असेल तर पुरावा आण. नोएलला स्वतःपाशी नसलेला पुरावा दुसऱ्याकडे मागायला फार आवडतं.

इनिड माझी मेटल डिटेक्टरवरची जोडीदार. तीन आठवडे ती डेअरीची काही खूण, एखादं टोकन तरी मिळेल म्हणून पडक्या आवारात यंत्र फिरवत होती आणि खिळे, बाटल्यांची बुचं गोळा करत होती. शेवटी मी म्हटलं, बाई, दुधाचं टोकन डेअरीत कशाला हरवेल? लोक ते आगाऊ विकत घ्यायचे आणि संध्याकाळी किटलीत टाकून फाटकावर ठेवायचे. पहाटे दूधवाला दूध ओतायचा आणि टोकन घेऊन जायचा. पडलंच तर फाटकापाशी पडणार. हे सुचायला मलाही तीन आठवडे लागले, ते मात्र मी बोललो नाही.

१९३०च्या मंदीच्या काळात खाडीजवळ खाणकामगारांची पाच घरं होती, तिथे पास्कोचं दूध जायचं. आता तिथे मेंढ्या चरतात. कुरणाच्या मालकाची परवानगी काढून आम्ही आत गेलो. पहिल्या फाटकाच्या खांबाशी, चपट्या दगडाखाली, एकच टोकन मिळालं. पितळी, 'पास्को, एक पाइंट' (साधारण अर्धा लिटर), झिजून गुळगुळीत झालेलं. खड्डा नीट बुजवून पुढच्या खांबाशी गेलो. तिथेही दगड, आणि खाली एक टोकन. पाचही ठिकाणी तेच. हरवलेली वस्तू काही आपणहून दगडाखाली जाऊन बसत नाही.

जुन्या मतदारयादीत पहिल्या घरात रॉडा कुटुंब सापडलं. त्यांची मुलगी आयव्ही नव्वदी ओलांडून वृद्धाश्रमात आहे, आणि ती नोएलची आई. इनिडने टोकन तिच्या तळहातावर ठेवलं. आयव्हीने ते बोटांनीच ओळखलं.

"आमच्याकडे एवढं एकच होतं," ती म्हणाली. "आई रोज संध्याकाळी किटलीत टाकायची, खणकन. आम्हीही पैसे देऊन दूध घेतो हे शेजाऱ्यांना ऐकू जायला नको? विल्फ स्वतःच यायचा, दूध ओतायचा आणि टोकन दगडाखाली ठेवून जायचा. चार वर्षं, डेअरी बंद पडेपर्यंत. आम्हाला वाटायचं, फक्त आमच्याच घरी असं."

टोकन तिच्याच हातात राहिलं. बाहेर आल्यावर मी म्हटलं, चल, नोएलला दाखवू. इनिड जागची हलेना.

"आजोबाने मरेपर्यंत दारुड्या म्हणवून घेतलं, पण कुणाच्या घरी फुकट दूध देऊन डेअरी बुडाली ते सांगितलं नाही. आणि मी ते फलकावर लिहू?"

"मग ते वाक्य तसंच राहू दे म्हणतेस?"

"राहू दे."

मला तिचा भयंकर राग आला.

शनिवारी फलकावर कापड टाकलेलं होतं आणि इनिड सगळ्यांच्या मागे उभी होती. नोएल भाषण संपवून दोरीला हात घालतोय तोच वृद्धाश्रमाची गाडी आली. आयव्ही चाकाच्या खुर्चीत होती, मांडीवर किटली. आई, तू कशाला आलीस, असं नोएलने विचारलं. तिने इनिडला पुढे बोलावलं आणि सगळ्यांसमोर किटलीत टोकन टाकलं. खणकन आवाज झाला.

"आमच्या चार वर्षांच्या दुधाचं आहे," ती म्हणाली. "तुझा आजोबा कधी घ्यायचा नाही. तू तरी घे, पोरी."

इनिडने किटलीत हात घातला. नोएलने दोरी न ओढताच सोडून दिली.