पाहुणीला बघवत नाही

कालिबेकने मेंढ्याला शिंगांना धरून तंबूच्या दारापर्यंत ओढत आणलं आणि पाहुणीसमोर उभं केलं. कळपातला सगळ्यात धष्टपुष्ट मेंढा होता तो, उन्हाळाभर राखून ठेवलेला.

"दुआ द्या म्हणावं," तो नुरझातला म्हणाला.

नुरझात राजधानी बिश्केकहून पाहुणीबरोबर आलेली दुभाषी, शहरात वाढलेली पोर. तिने इंग्रजीत दोन शब्दांत काहीतरी सांगितलं. डेन्मार्कच्या मार्गितबाईंना केवढा आनंद झाला! सगळ्यांनी ओंजळी उघड्या धरल्या तशी त्यांनीही धरली, आपल्या भाषेत काहीतरी पुटपुटल्या आणि सगळ्यांबरोबर चेहऱ्यावरून हात फिरवले. मग मेंढ्याचं कपाळ खाजवून त्याच्यासोबत फोटोही काढून घेतला.

"बाईला रीतभात कळते हो," कालिबेक बायकोला म्हणाला.

त्याने मेंढा तंबूमागे नेला, पाय बांधले, बिस्मिल्ला म्हणून सुरी फिरवली. आणि नेमक्या तेव्हाच बाई कॅमेरा घेऊन मागच्या बाजूला आल्या.

पुढचं काही विचारू नका. आधी किंकाळी. मग बाई मटकन गवतावर बसल्या आणि लहान पोरासारख्या हमसून हमसून रडायला लागल्या. नुरझातने त्यांना धरून आत नेलं. मांस शिजलं, वास खोरंभर गेला, पण बाईंनी पावाचा तुकडासुद्धा तोंडात घातला नाही.

थोड्या वेळाने नुरझात बाहेर आली. "म्हणतायत, उद्याच गाडी बोलवा. त्यांना वाटलं, तुम्ही मेंढ्याची ओळख करून देताय."

"ओळख?" कालिबेकचा आवाज चढला. "ओळख कशाला करून देऊ? सोयरीक जुळवायचीय का मेंढ्याशी?"

त्याची बायको उल्कान फिस्सकन हसली आणि लगेच ओठ दाबून चुलीकडे वळली.

"तू सांगितलं नाहीस तिला कसली दुआ ते?"

"आशीर्वाद द्या, एवढंच मी म्हणाले. पुढचं कळेल असं वाटलं, दादा."

"तिने स्वतः दुआ दिली, सगळ्यांदेखत. दुआ दिलेलं जनावर कुणी परत कळपात सोडतं का?"

नुरझात परत आत बाईंजवळ गेली.

कालिबेकची ही पहिलीच पाहुणी. पूर्वी तो शिकार करायचा. ती सोडून लोकांना जनावरं नुसती दाखवायची असं त्याने ठरवलं, तेव्हा गावाने त्याची यथेच्छ टिंगल केली होती. आता ही बाई रडत परत गेली की बिश्केकचे सहलवाले दुसरं माणूस पाठवणार नाहीत. मग आहेच मॉस्को, भावाच्या हाताखाली भिंतींना गिलावा करायला. मागच्या खेपेला तिथून तो घरी आला तेव्हा धाकटी आईच्या मागे लपली होती आणि तिने विचारलं होतं, "हे काका कधी जाणार?" ते शब्द अजून त्याच्या काळजात रुतून होते.

"मॉस्कोला फोन लावू का भावजींना?" उल्कानने हळूच विचारलं.

"उद्या हिमबिबट्या दाखवायला डोंगरावर न्यायचं कबूल केलंय. तेवढं पार पाडतो. मग लाव."

गाडी एक दिवस उशिरा येणार होती, म्हणून सकाळी बाई डोंगराकडे निघाल्या खऱ्या, पण डोळे सुजलेले, आणि कालिबेककडे चुकूनही बघायला तयार नाहीत. तो दुर्बीण खांद्यावर घेऊन पुढे, मधे नुरझात, मागे बाई. वर खडकांच्या आडोशाला तिघं पालथी पडून राहिली. वारा बोचत होता. दुपार झाली तरी समोरच्या उतारावर नुसते डोंगरबकरे चरत होते.

मग बकऱ्यांच्या वरच्या बाजूचा एक दगड हलला.

कालिबेकने दुर्बीण लावून दिली आणि बाईंना खूण केली. बाईंनी डोळा लावला. काल दुपारपासून तोंड फिरवलेल्या त्या बाईंनी कालिबेकची बाही घट्ट धरली. हिमबिबट्या पोट जमिनीला घासत खाली सरकत होता. खाली एक बकरी आणि तिचं पिल्लू, दोघांनाही पत्ता नाही. आता एक-दोन झेपांचंच अंतर उरलं होतं.

कालिबेकने बाईंकडे पाहिलं. चेहरा पांढराफटक, ओठ थरथरतायत. काल तंबूमागे हाच चेहरा त्याने पाहिला होता.

त्याने डोक्यावरची टोपी काढली, ताडकन उभा राहिला आणि टोपी हलवत बेंबीच्या देठापासून ओरडला, "हाऽऽड! हाऽऽड!"

खोरं दणाणलं. बकरे उधळले. बिबट्याने मान वळवून एकदा या वेड्याकडे पाहिलं आणि डोंगराच्या धारेपलीकडे दिसेनासा झाला.

"अहो दादा, काय केलंत हे!" नुरझात किंचाळली. "अर्धी पृथ्वी ओलांडून आल्यात त्या, हे बघायला!"

कालिबेक टोपी हातात घेऊन तसाच उभा. "मारणार होता ना तो. तिच्या डोळ्यांदेखत. काल मेंढ्याचं बघवलं नाही तिला. माझ्या घरची पाहुणी आहे, पोरी. दोन दिवसांत दोनदा कशी रडवू?"

नुरझातने हे जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. बाई बराच वेळ दुर्बिणीला डोळा लावून पडून राहिल्या, समोर बघण्यासारखं काही उरलं नव्हतं तरी. कालिबेकने मनातल्या मनात मॉस्कोची पिशवी भरली. मग बाई उठून बसल्या, नाक पुसलं, त्याच्याकडे नीट पाहिलं आणि काहीतरी बोलल्या. नुरझातने त्यांना ते पुन्हा बोलायला लावलं.

"विचारतायत, गाडी पुढच्या आठवड्यात आली तर चालेल का?" ती म्हणाली. "आणि... कालचं मांस शिल्लक आहे का?"

"शिल्लक म्हणजे काय!" कालिबेकचा चेहरा फुलला. "डोकं तर तसंच झाकून ठेवलंय, डोळे-कान, सगळं जागच्या जागी. पाहुण्याचा मान तो, त्याला दुसरं कोण हात लावणार? सांग तिला, सांग!"

नुरझातने मार्गितबाईंकडे बघितलं. जरा विचार केला.

"आहे," एवढंच ती त्यांना इंग्रजीत म्हणाली.