केसभर मागे

"हा बघा, आला!" सिस्टर म्हणाल्या आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.

कानसेननं ॲक्सिलरेटरवरचा पाय तसाच ठेवला. पाण्याच्या टाकीमागचा चढ, दुसरा गिअर, भर दुपार, दोन्ही काचा खाली. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. इंजिन आपलं सुखानं गुरगुरत होतं, जेवून आडव्या झालेल्या माणसासारखं.

"कुठाय?"

"अहो, हे काय! टिकटिकटिक... बरणीत खडे घालून हलवावेत तसं. मिस्त्री, थट्टा करताय का माझी?"

थट्टा कसली! आठवड्यात तिसऱ्यांदा ही सव्वीस वर्षांची गाडी त्याच्या दारात आली होती आणि तक्रार एकच. चढावर नॉकिंग, म्हणजे इंजिनातले बारीक ठोके. सिस्टर नोकरीतून निवृत्त झाल्या होत्या, पण थोरल्या बहिणीला आठवड्यातून दोनदा याच चढावरून इस्पितळात न्यायचं काम काही सुटलं नव्हतं. गाडी मध्येच बसली तर त्या म्हातारीला काय पाठीवर टाकून नेणार?

आणि गाडी कोणाकडे आली होती? कानसेनकडे! हे नाव त्याला बाजारानं दिलेलं, आणि बाजार फुकटात नावं ठेवतो, चांगली नावं देत नाही. दारावरून गाडी गेली की हा पाठ फिरवून सांगायचा, चौथ्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह आवाज करतोय. टायमिंग लावायला त्याला यंत्र लागत नसे. गाडी चढावर न्यायची, ठिणगीची वेळ ठरवणारा तो डिस्ट्रिब्युटर जरा जरा पुढे फिरवत जायचा. नॉकिंगचा पहिला बारीक ठोका कानावर आला की थांबायचं आणि केसभर मागे घ्यायचं. केसभर म्हणजे किती, ते त्याच्या मनगटाला ठाऊक. चाळीस वर्षं हेच.

या गाडीचं त्यानं सगळं करून झालं होतं. प्लग बदलले, कार्बन खरवडला, टाकीतलं पेट्रोल उपसून नवीन भरलं, रेडिएटर धुतला. टायमिंग तर दोनदा लावलं. आणि सिस्टरांचं म्हणणं, दर खेपेला आवाज वाढतोय.

त्याच्या कानावर मात्र एक ठोका पडेना. काल सकाळी दाढी करता करता त्याच्या मनात येऊन गेलं होतं की गाडी मला बघून गप्प बसते. मग स्वतःच्याच मूर्खपणाला हसला. पण हसताना हातातला ब्रश थांबला होता, हे खरं.

आता सिस्टर डोळे मिटून बसल्या होत्या आणि त्यांच्या उजव्या हाताचं बोट डॅशबोर्डवर आपटत होतं. जन्मभर लोकांच्या नाड्या मोजलेलं बोट ते. कानसेननं सहज पाय थोडा वर घेतला. बोट थांबलं. त्यानं पाय दाबला. बोट पुन्हा आपटू लागलं, भराभर. पुन्हा सोडला. थांबलं. त्याच्या पायाकडे बाईंचं लक्षच नव्हतं. पापण्या घट्ट मिटलेल्या. त्यानं चार वेळा करून पाहिलं. चारी वेळा ते बोट अचूक उठलं आणि अचूक निजलं, आणि गाडीत तर काहीच वाजत नव्हतं. त्याची नजर त्या बोटावरून हटेना.

"काय झालं?" सिस्टरांनी डोळे उघडले.

"काही नाही. परत जाऊ."

गॅरेजमध्ये आल्यावर त्यांना खुर्ची दिली आणि त्यानं पहिला प्लग काढला. उजेडाकडे धरला. पांढऱ्या चिनीमातीवर मिरपूड भुरभुरावी तसे बारीक चकाकते ठिपके. ते काय असतात हे त्यानं कितीजणांना समजावलं असेल! पिस्टनचा धातू वितळून उडतो, तो. नॉकिंग जबर असल्याशिवाय असे ठिपके येत नाहीत. म्हणजे आवाज होता. चांगला ठणठणीत होता, त्याच्या नाकासमोर, आणि त्याला सोडून सगळ्यांना भेटत होता.

तेवढ्यात बायको डबा घेऊन आली. डबा टेबलावर आपटून म्हणाली, "या चिमण्यांचं काहीतरी करा हो! किती तो कलकलाट. माणसाचं बोलणं कळेना."

"कुठल्या चिमण्या? त्या गेल्या की यंदा."

"गेल्या? अहो, डोक्यावर बघा जरा!"

त्यानं वर पाहिलं. पत्र्याखालच्या लोखंडी अँगलवर दहा-बारा चिमण्या ओळीनं बसल्या होत्या. सगळ्यांच्या चोची उघडत होत्या, मिटत होत्या. गळे थरथरत होते. एक तर पंख फुलवून शेजारणीच्या अंगावर धावून गेली, तोंड फाडफाडून भांडली. आणि वरून खाली काही म्हणजे काही येत नव्हतं. काचेपलीकडे पाहावं तशा त्या ओरडत होत्या, ओरडत होत्या. त्याला बघवेना. तो मटकन स्टुलावर बसला.

"अहो, बरं वाटत नाही का?" बायकोनं खांद्यावर हात ठेवला. तिचा आवाज मात्र आला. जाड, सवयीचा.

मग एकेक करून त्याला समजू लागलं. जाड आवाज कानात शिरत होते, बारीक तेवढे गळत होते. ठोका ऐकू येईपर्यंत डिस्ट्रिब्युटर फिरवायचा. बारीक ठोका येतच नाही म्हटल्यावर हात फिरवतच गेला असणार. इंजिन किंचाळायला लागलं असेल तेव्हा कुठे याच्या कानात काहीतरी शिरलं, आणि त्यातून यानं विश्वासानं घेतलं, केसभर मागे! या एकाच गाडीचं नाही. वर्षभर गाव त्याच्या मनगटावर विसंबून होतं. बेकरीवाल्याचा टेम्पो. डॉक्टरांची जुनी मोटार. शाळेची व्हॅन, देवा, शाळेची व्हॅनसुद्धा.

तो उठला, सिस्टरांसमोर जाऊन उभा राहिला.

"सिस्टर, गाडीत खोट नाही. मला ऐकू येत नाही."

हे वाक्य त्यानं पहिल्यांदाच उच्चारलं होतं. बायकोचा हात तोंडावर गेला. सिस्टरांनी अरेरे वगैरे काही केलं नाही. "मला चढावरच शंका आली," त्या म्हणाल्या. "डोळे उघडले तर तुम्ही माझ्या बोटाकडे बघत होता. कान तपासून घ्या, मी येते बरोबर. पण आज गाडीचं काय?"

गाडीचं एकच होण्यासारखं होतं. रस्त्यापलीकडे नवं गॅरेज होतं. तिथला मालक वयानं निम्मा, टायमिंग लावायला हातात दिवा धरायचा. दिवा लुकलुकतो, पुलीवरची खूण दिसते, ती जागेवर आली की टायमिंग लागलं. कानसेन त्याला चारचौघांत "समोरचा आंधळा" म्हणायचा. म्हणायचा म्हणजे काय, गेल्या आठवड्यापर्यंत म्हणत होता.

त्यानं गाडी सुरू केली आणि रस्ता ओलांडून सरळ समोरच्याच्या दारात नेली. तिथली दोन-तीन माणसं हातातलं काम टाकून बघत राहिली.

"टायमिंग बघून दे रे," कानसेन म्हणाला. "तुझ्या दिव्यानं."

समोरचा दिवा घेऊन आला. वायर लावली, वाकला. खूण जिथे हवी तिथून भलतीच पुढे लुकलुकत होती, दोघांनाही दिसली. त्यानं पाना कानसेनच्या हातात दिला. कानसेननं बोल्ट सैल केला आणि डोळे खुणेवर ठेवून डिस्ट्रिब्युटर मागे घेतला. केसभर नव्हे, चांगला बोटभर. मनगट विरोध करत होतं. त्यानं तसाच रेटला.

"अजून गाड्या आहेत माझ्याकडून गेलेल्या," तो बोल्ट आवळत म्हणाला. "आज घरोघर जाऊन सांगतो. तुझ्याकडे पाठवतो, तेवढ्या नीट लावून दे. माझी चूक आहे म्हणून सांग, लाजू नकोस."

समोरच्यानं मागे उभ्या माणसांकडे एकदा पाहिलं. मग जवळ सरकून, मान खाली घालून काहीतरी पुटपुटला. इंजिन चालू होतं.

"काय म्हणालास? मोठ्यानं बोल."

समोरचा मोठ्यानं बोलला नाही. त्यानं पाठ माणसांकडे केली, दिवा काखेत धरला आणि ओठ सावकाश हलवत, एकेक शब्द सुटा करून सांगितलं. कानसेननं त्याच्या ओठांकडे टक लावून पाहिलं.

काका, येऊन गेल्यात त्या. मी लावून दिल्यात. कोणाला बोललो नाही.

"किती?" कानसेननं विचारलं.

समोरच्यानं छातीजवळ, कोणाला दिसू नये असा, एक पंजा उघडला. मग दुसऱ्या हाताची दोन बोटं त्याला लावली.