तिसरा सेन्सर

चोइजिलच्या तोंडून वाईट बातमी कधी म्हणून निघायची नाही, ही यांजमाची आपल्या लेकाविरुद्ध जन्माची तक्रार होती. लहानपणी लांडग्याने शिंगरू नेलं, तर हा म्हणाला, ते डोंगरापलीकडे चरायला गेलंय. बाप अंथरुणाला खिळला, तेव्हा म्हणाला, वसंतात घोड्यावर बसेल. आता चाळिशी आली, मंगोलियाच्या राजधानीत, उलानबातरच्या टेकडीवर स्वतःचं गॅरेज झालं, जुन्या हायब्रिड गाड्यांच्या बॅटऱ्या उघडण्यात हात बसला. जीभ मात्र तीच.

"झालं, आई. गाडी ठणठणीत."

"मागल्या आठवड्यातही ठणठणीतच होती. चढावर बंद पडली तेव्हा काय, डुलकी काढत होती?"

त्या गाडीवर सारनाईचा जीव टांगलेला होता. यांजमाच्या या लेकीची मूत्रपिंडं गेलेली. रक्त धुवून घ्यायला आठवड्यातून तीनदा शहराच्या पार दुसऱ्या टोकाच्या इस्पितळात जावं लागे, आणि बसमध्ये उभं राहायचं त्राण तिच्यात उरलं नव्हतं. इकडे गाडी मधेच रुसायची. मागच्या सीटमागे बॅटरी, बॅटरीत तापमान सांगणारे तीन सेन्सर. त्यातला तिसरा दोन श्वासांपुरता मुका व्हायचा. तेवढ्यात समोर लाल दिवा पेटायचा आणि गाडीतला जोरच जायचा. एकदा अशीच अडकून सारनाई उशिरा पोचली, तर यंत्रावरचा तिचा निम्मा वेळ कापला गेला. नंतर दोन दिवस पोरगी माशासारखी धापा टाकत होती.

चोइजिल गाडी शेगडीच्या उबेत घेऊन तपासायचा, तर तिन्ही सेन्सर शहाण्यासारखे बोलत. शेवटी यांजमानेच सुनावलं, "थंडीत बिघडतं ते उबेत सापडेल कसं रे? उबेत सगळेच गुणी असतात. बाहेर ठेव."

बाहेर ठेवल्यावर दोष दिसला खरा, पण हाती लागेना. त्याने तारा वाकवून पाहिल्या, जोड घासले, भंगारातल्या बॅटरीचा सेन्सर काढून बसवला. दिवा पुन्हा पेटलाच. आणि मग एके दिवशी पेटायचा थांबला. चोइजिल शीळ घालत फिरू लागला. वाट सुखाची व्हावी म्हणून निघालेल्या गाडीमागे दूध शिंपडताना देवाला शिव्या द्यायचं यांजमानेही सोडून दिलं.

आज सकाळी गाडी अजून सुरू व्हायची होती. सारनाईला मागे निजवून यांजमा तिच्याभोवती पांघरूण खोचत होती. काचेवरचा बर्फ खरवडायला उतरताना चोइजिलने मोबाईल पुढच्या सीटवर टाकला होता, त्यावर बॅटरीचे तिन्ही आकडे. यांजमाची शाळा दोन हिवाळ्यांची, पण आकडे तिला कळत. पहिला उणे अठ्ठावीस. दुसरा उणे अठ्ठावीस. तिसरा चोवीस.

तिने हातमोजा काढला, सीटमागे हात घालून बॅटरीच्या झाकणावर तळवा टेकवला. कातडी पत्र्याला चिकटली.

"चोइजिल! गाडी रात्रभर बाहेर. हा एकटा कुठल्या उन्हाळ्यात राहतो रे?"

तो खरवडायचा थांबला. मग काचेकडे बघतच म्हणाला, "सेन्सर तोडलाय. त्या जागी एक बारकासा तुकडा डकवलाय. तो कायम चोवीसच सांगतो."

"का?"

"सापडत नाही म्हणून! तार नाही, सेन्सर नाही. आकडे वाचणाऱ्या डब्यात कुठे केसाएवढी चीर असेल, नसेलही. दुसरा डबा लावला, तोही तसलाच निघाला. लोकांनी वापरून टाकलेल्या गाड्या आपल्याकडे येतात, आई. आपण मढी चालवतो."

"आणि तो कोपरा खरंच तापला तर?"

"कळणार नाही."

"त्या कोपऱ्याला टेकून कोण निजतं?"

चोइजिल पुन्हा काच खरवडू लागला. आतून सारनाईचा खोल गेलेला आवाज आला, "भांडण परतल्यावर करा ना. माझी यंत्रावरची वेळ जाईल."

दुसरी गाडी नव्हती. यांजमाने लेकीला पुढच्या सीटवर हलवलं, पांघरुणासकट. स्वतः मागे बसली आणि उघडा हात पुन्हा त्या झाकणावर ठेवला.

"हात गोठेल तुझा, आई," चोइजिल म्हणाला.

"गोठू दे. दोष सापडला नाही, त्याला मी नावं ठेवत नाही. तो कुणाच्या बापाला सापडला नसता. पण ओरडणाऱ्याचं तोंड शिवून तू घरात शांतता केलीस, आणि त्या शांततेवर बहिणीला निजवलंस. तू कारागीर नाहीस, चोइजिल, भित्रा आहेस. चल, हाक गाडी."