माझ्या कानावरची शिवण

टुडुंग! दुपारच्या सामसूम घरात कॉम्प्युटर एवढंच बोलला आणि गप्प झाला. पडद्यावर तीच ओळ: सेटकडून उत्तर नाही. तो सेट म्हणजे मीच, मित्रांनो. मी एक जुना वॉकीटॉकी आहे.

कारखान्यातला जन्म मला फारसा आठवत नाही. आठवतं ते सेमाडोहचं जंगल. लागोपाठ दोन वर्षं सोयाबीन वाळलं, तेव्हा धर्मेंद्र शेत सोडून तिथं वणव्यावर नजर ठेवणारा राखणदार झाला आणि मी त्याच्या कमरेला लागलो. "धूर दिसला" एवढं माझ्यातून बोललं की माणसं ओल्या फांद्या घेऊन धावत येत. माझ्या खणखणीत आवाजाचं कोण कौतुक! धर्मेंद्रच्या बायकोनं, शालूनं तर जुन्या दप्तराच्या रेक्झिनची गवसणी शिवली मला, वायरची पिन जाते त्या कानाच्या भोकाला दुहेरी शिवण घालून. अमरावतीच्या त्यांच्या घरात मिक्सरला गवसणी, टीव्हीला गवसणी. मग मीच उघडा कसा राहणार?

त्या उन्हाळ्यात सगळ्या सेटांचे चॅनेल बदलले. धर्मेंद्र लेकीच्या तापापायी रजेवर होता, म्हणून मी एकटा जुन्या चॅनेलवर राहिलो. चारच्या गाडीनं त्याला परतायचं होतं. मी असाच गेलो असतो, तर आगीनं घेरल्यावरही त्याची हाक कुणाला ऐकू गेली नसती. शालू घरी टायपिंगची कामं करायची. जंगलखात्याच्या साहेबांनी नवे चॅनेल पेनड्राइव्हवर घालून, सोबत एक वायर आणि तिची सीडी देऊन तिच्याकडेच पाठवले होते.

तिनं वायर कॉम्प्युटरच्या दुसऱ्या खाचेत लावली. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. सीडी पुन्हा घातली. टुडुंग, आणि तीच ओळ.

"तुह्या कॉम्प्युटरले वऱ्हाडी समजत नाई वाटते," धर्मेंद्र हसला, पण नजर घड्याळावर.

"वायर त ओळखते तो. तुमचा सेटच मुका बसला. थांबा, मांगचा नंबर पायतो."

"गवसणी नोको काढू वं, धूळ जाईन!"

तिनं काढलीच. नंबर पाहून वायर पुन्हा लावली, तशी पिन तांदळाच्या दाण्याएवढी आणखी आत गेली. टक्! पडद्यावर पट्टी सरकू लागली.

शालूचा चेहरा मात्र उतरला. "माह्याच शिवणीनं पिन अडवली जी. म्याच बहिरा केला याले."

मित्रांनो, आम्हाला धुळीपाण्यापासून जरूर जपा. पण मायेच्या भरात आमचे कान तेवढे बुजवू नका.

पट्टी भरली. पण चॅनेल खरंच बसला का, हे दुसऱ्या सेटशी बोलल्याशिवाय कळणार नव्हतं, आणि दुसरा सेट थेट सेमाडोहला. इथून तिथवर माझा आवाज पोचत नाही. धर्मेंद्रनं पिशवी उचलली. त्याच्या चार वर्षांच्या लेकीनं, प्रियदर्शनीनं मला दोन्ही हातांत धरून बटण दाबलं. "हालो, माहे बाबा येऊन राहिले!" मग बटण सोडून मला कानाशी लावलं. नुसती शांतता.

तिनं आईकडे पाहिलं. "आई, तिकडं बाबानं आवाज देल्ला त कोनी आयकन ना?"