माहेरची सही

"या नावाची बाई या गावात नाही," बंडोपंत म्हणाले आणि त्यांनी मतदारांच्या यादीवर बोट ठेवलं. "सगुणा म्हणे. कुठं आहे सगुणा? पुढची रेवती. तीही नाही. चौदा सह्या, आणि चौदांपैकी एकही यादीत नाही."

चावडीच्या ओसरीत उभ्या असलेल्या कोकिळेचं तोंड उतरलं. भिंतीला टेकून बसलेल्या चौदा बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. सकाळपासून त्यांनी लग्नाला निघाल्यासारखी धुतलेली लुगडी नेसली होती.

बंडोपंत वर्ध्याच्या एका संस्थेचे निरीक्षक. केळझरपर्यंत मोटारीनं आणि तिथून चार मैल उसन्या सायकलीवर आले होते. माणूस वाईट नव्हता, पण कागदाला कागद जुळल्याशिवाय त्यांना पाणीसुद्धा गोड लागत नसे.

कोकिळा आर्वीची, वय वीस. समाजसेविकेचं शिक्षण पुरं करून, प्रमाणपत्र पेटीत पातळांच्या घडीत ठेवून ती तीन ठिकाणी नोकरी मागून आली होती. एके ठिकाणी म्हणाले, वय लहान आहे. दुसरीकडे म्हणाले, लग्न झालेली हवी. तिसरीकडे म्हणाले, लग्न झालं की सोडून जाल. शेवटी या संस्थेनं जागा देऊ केली, तीही अटीवर. महिनाभर गावात राहायचं, बायकांना लिहायला शिकवायचं. महिन्याच्या शेवटी 'ही ताई आमच्या गावात राहावी' अशा अर्जावर निदान बारा बायकांनी आपल्या हातानं सह्या करायच्या. अंगठा चालणार नाही. बारा भरल्या तर नोकरी पक्की, नाही तर आर्वीची वाट.

"महिनाभर पाह्यजो," बाप मोटारीत बसवताना म्हणाला होता. "नाई जमलं तर घर आहेच."

कापूस वेचणीचे दिवस होते. बायका दुपार कलल्यावर शेतातून येत. वर्ध्याहून यायच्या पाट्या काही आल्या नाहीत. कोकिळा ज्यांच्या पडवीत राहत होती त्या आनंदाबाईंनी दुसऱ्या दिवशी चुलीवरचा तवा आणून तिच्यापुढे पालथा घातला.

"हे घे तुही पाटी. काळीभोर आहे."

आनंदाबाईंचे मालक महादेवराव अंगणातून म्हणाले, "तव्यावर भाकरी करतेत, अक्षरं नाई."

"भाकर पोटावर होते," आनंदाबाई म्हणाल्या. "पाठ रिकामीच असते त्याची."

महादेवराव पुढे काही बोलले नाहीत. पण त्यांना हे पसंत नाही, हे सगळ्या गावाला कळलं. ते गावचे जुने पंच. बोलत कमी, म्हणून त्यांचं न बोलणंसुद्धा लोक मोजत.

तरी रोज मारुतीच्या पारावर चौदा तवे येऊ लागले. कुणाचा चिरलेला, कुणाचा माहेराहून आलेला. बायका तव्याच्या पाठीवर खडूनं लिहीत आणि लुगड्याच्या पदरानं पुसत. घरी गेल्या की सासवा विचारत, पदर काऊन काळा? विळा धरून घट्टे पडलेल्या हाताला खडू म्हणजे चिमणीचं पिल्लू. जोरात धरावं तर मोडतो, हलका धरावा तर निसटतो.

पहिल्याच दिवशी कोकिळेनं नावं विचारली होती. सगळ्या पदरात हसल्या. एक म्हणाली, मले रूपरावची बायको म्हणतेत. दुसरी म्हणाली, मी कोपऱ्यावरची. मग कोकिळेनं विचारलं, "तुमची माय तुमाले कोन्त्या नावानं हाक मारे?"

त्यासरशी नावंच नावं आली. रेवती, तुळसा, कवतिका. आनंदाबाई सगळ्यांत शेवटी, हळूच म्हणाल्या, "सगुणा." मग पदर सारखा करत, "माय गेल्यापासून कोनी म्हटलं नाई तसं. लग्नात ताटात तांदूळ पसरून भटजीनं नवं नाव लिहिलं. मले दिसलं काहीतरी लिहून राह्यला. वाचता कुठं येत होतं?"

कोकिळेनं त्याच नावांचे कित्ते घालून दिले. लग्नात बायकांची नावं बदलतात हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. पण तिचं स्वतःचं नाव अजून कुणी बदललं नव्हतं, त्यामुळे यादीची गोष्ट तिच्या ध्यानातच आली नाही.

"चूक माझी आहे," ती आता बंडोपंतांना म्हणाली. "ही माहेरची नावं आहेत."

"असतील. पण मी वर काय कळवू? अर्ज कोणी केला?"

"आमी केला," आनंदाबाई उठून म्हणाल्या.

"तुम्ही यादीत आनंदाबाई."

"अन् सगुणा बी मीच."

बंडोपंतांनी चष्मा काढून पुसला. उन्हं उतरू लागली होती, केळझरची मोटार गाठायची होती. अखेर त्यांनी तोड काढली. ज्या बाईची सही आहे तिच्या नवऱ्यानं येऊन तिचं माहेरचं नाव सांगावं. जुळलं तर यादीतल्या नावापुढे ते लिहून घेतो. मात्र बायकांनी सुचवायचं नाही.

आता परीक्षा नवऱ्यांची लागली. निरोप गेले तसे माणसं शेतातून, गोठ्यातून येऊ लागली. इकडे बायको नवऱ्याचं नाव घेत नाही, तसा नवराही बायकोचं घेत नाही. चारचौघांत तर नाहीच. एकेक जण चावडीत येई, खांबाकडे पाहून नाव पुटपुटे आणि चोरी केल्यासारखा बाहेर पडे. बायका पदर तोंडात कोंबून हसत.

रूपराव मात्र छाती काढून आला. "पार्वती," म्हणाला.

"ते माह्या बहिणीचं नाव आहे," त्याची बायको भिंतीकडे तोंड करून म्हणाली. "तिचं बरं पाठ आहे."

चावडी हसून लोटपोट झाली. बंडोपंतांनाही यादी तोंडापुढे धरावी लागली. पण सही बाद झाली. आणखी एकाला काही केल्या आठवेना. "पंधरा वर्सं झाली साहेब, काम पडलं नाई," म्हणाला. तीही गेली.

अकरा जुळल्या. राहिल्या एकट्या आनंदाबाई.

महादेवराव सगळा वेळ चावडीसमोरच्या निंबाखाली काठीवर हात ठेवून बसले होते. कोकिळेनं त्यांच्याकडे पाहायचं टाळलं. त्यांना ठाऊक नसणार, आणि ठाऊक असलं तरी ते सांगणार नाहीत. मनातल्या मनात ती पेटी बांधू लागली.

"महादेवराव," बंडोपंत म्हणाले, "तुम्हाला सांगता येईल?"

म्हातारा उठला. ओसरीच्या पायरीशी आला. बराच वेळ काठीनं माती उकरत राहिला.

"हिचं माहेर धाम नदीच्या पल्याड," तो म्हणाला. "लग्न लावून आमची गाडी नदी उतरून अलीकडं आली, तरी हिची माय त्या काठावरून हाका मारून राह्यली होती. सगुणा, सगुणा. म्या मागं वळून पाह्यलं. हिनं नाई पाह्यलं." मग काठी थांबली. "लिहा साहेब. सगुणा."

कोणी हसलं नाही. बंडोपंतांनी यादीत 'आनंदाबाई'च्या पुढे नाव लिहिलं, टिपकागदानं टिपलं आणि अर्ज कोकिळेपुढे केला. "बारा," ते म्हणाले. "सोमवारी वर्ध्याला येऊन नेमणुकीचा कागद घेऊन जा, ताई."

मग चावडीत जो कालवा उठला त्यात कुणी कोकिळेच्या हातावर गूळ ठेवला, कुणी तिची दृष्ट काढून कानशिलावर बोटं मोडली. रूपरावच्या बायकोनं जाहीर केलं की आज घरी स्वयंपाक पार्वती करेल.

सांजावताना सगळे घराकडे निघाले. महादेवराव नेहमीसारखे दहा पावलं पुढे, आनंदाबाई मागे. त्यांच्याही मागे कोकिळा होती. साहेबांना दाखवायला आणलेला आनंदाबाईंचा तवा चावडीतच राहिला होता, तो तिच्या हातात होता. त्याच्या पाठीवर तीन अक्षरं अजून तशीच होती.

वळणाशी महादेवराव थांबले. मागे न पाहता म्हणाले, "सगुणा, तवा राह्यला चावडीत."

आनंदाबाई जागच्या जागी उभ्या राहिल्या.

"काय म्हटलं?" त्यांनी विचारलं. त्यांना स्वच्छ ऐकू आलं होतं.

कोकिळेनं तवा पाठीमागे धरला आणि ती वळणावरच्या एका झाडाच्या आड उभी राहिली, महादेवराव ते नाव पुन्हा घेईपर्यंत.