अकराचा फोन

आमच्या घरात एक पद्धत होती. माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा अर्नफिन छोट्या बोटीवर एकटाच कॉड मासे धरायला जायचा, आणि मी टेकडीवरच्या केंद्रात हवामानाच्या उपग्रहांचे फोटो उतरवून घ्यायचे. सकाळी अकराच्या फोटोत काही वाईट दिसलं तर त्याला फोन करायचा. नाही दिसलं तर नाही. आम्ही उत्तरेकडची माणसं उगाच बोलत नाही, त्यामुळे दोघांनाही ते सोयीचं होतं.

त्या फेब्रुवारीत आमची एक डिश दुरुस्तीसाठी उघडून ठेवलेली, दुसरी तेवढी चालू, आणि एक डिश एका वेळी एकाच उपग्रहाशी बोलू शकते. आणि एके दिवशी, अर्नफिन समुद्रावर असताना, नेमके अकराला दोन उपग्रह एकदम डोक्यावर येणार होते. एकाकडे फोटो होता. दुसरा आजारी. त्याने सूर्याकडे पाठ फिरवली होती आणि बॅटरी संपत आली होती. या फेरीत सावरला नाही, तर पुढच्या फेरीला तो मेलेलाच सापडणार.

"दोन्ही नाही जमणार," एलिफ म्हणाला. पंधरा वर्षं तो माझ्या शेजारी बसतो आणि वाईट बातमी तोंडात घास ठेवूनच सांगतो. "बोल, फोटो की पेशंट?"

"सकाळचा अंदाज काय होता?"

"शांत. पण ती छोटी वादळं अंदाजात कुठे सापडतात? ती फोटोतच दिसतात."

"मला नको शिकवूस. पेशंट घे."

मी एकेक आज्ञा वाचायची, त्याने परत वाचायची, मग पाठवायची. बारा मिनिटं असं चाललं. शेवटच्या मिनिटाला त्याचे सौर पंख सूर्याकडे वळले आणि वीज चढू लागली. एलिफने मला मिठी मारली, मग वॉफल भाजले. मी दोन खाल्ले, जाम लावून.

फोन करायचं मनात आलं नाही असं नाही. पण सांगणार काय? वाईट काही दिसलं नव्हतं. मुळात मी पाहिलंच नव्हतं, आणि बावीस वर्षं हेच काम करणारी मी तो फरक सरळ गिळून बसले.

पावणेएकला पुढचा फोटो आला. अर्नफिनच्या जाळ्यांच्या जागेवर पांढरा भोवरा होता. मी फोन लावला. वाजत राहिला.

तिसऱ्या दिवशी बोट उलटी सापडली. तो सापडला नाही.

आठवड्याने मी बहिणीच्या, जोरुनच्या, स्वयंपाकघरात बसले होते. ती कॉफी ओतत होती.

"ताई, साडेअकराला मी त्याला फोनवर म्हटलं, परत ये, मला धास्ती वाटतेय. तर हसला. म्हणाला, तुझ्या बहिणीचा फोन नाही, म्हणजे तिने बघितलंय." ती थांबली. "बघितलं होतंस ना?"

"नाही."

तिने किटली खाली ठेवली. माझा कप अर्धाच भरला होता.

"मग तेवढंच सांगायचंस," ती म्हणाली. "तो परत फिरला असता."